गिटारच्या नेकचे खांदे

माईकचा आवाज येतोय ना मागपर्यंत? बरं. सुरू करण्याआधी एक काम करा, सगळ्यांनी, बेसवाल्यांनीसुद्धा. डावा हात समोर धरा, डावखुऱ्यांनी उजवा, आणि हवेतच एक नेक, म्हणजे गिटारचा लांब दांडा, पकडा, तिसऱ्या फ्रेटला, म्हणजे दांड्यावरच्या तिसऱ्या धातूच्या पट्टीपाशी, पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं टाकून बॅर कॉर्ड धरता तसा. आता हात तसाच ठेवा आणि बघा की त्या हवेतल्या नेकला तुमचा हात कुठे कुठे टेकलाय. अंगठ्याची गादी, ठीक. पहिल्या बोटाचं मूळ, म्हणजे बोट तळहाताला जिथे सुरू होतं ती जागा. आणि अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा, तो काहींचा टेकतो काहींचा नाही. म्हणजे नेकच्या पाठीचा मधला सगळ्यात फुगीर भाग, जो आपण कॅलिपर लावून मोजतो आणि ज्याचा आकडा गिटारच्या माहितीत छापलेला असतो, तिथे टेकतो एकटा अंगठा, आणि ज्यांचा अंगठा वरून डोकावतो त्यांचा तर तोही धड टेकत नाही. बाकीचा हात बाजूंवर असतो. हात खाली घेतला तरी चालेल आता.

त्या बाजूंना गिटार बनवणारे शोल्डर म्हणतात, मी खांदे म्हणतो, कारण मराठीत तो शब्द अगदी चपखल बसतो. पाठीच्या मध्यातून हेडस्टॉकपासून, म्हणजे गिटारच्या डोक्यापासून, हीलपर्यंत, म्हणजे नेक बॉडीला जोडतो तिथपर्यंत, जाणारी रेघ हा कणा, तारांखालच्या पट्टीची, म्हणजे फ्रेटबोर्डची, कड ही कड, आणि या दोघांच्या मधे जे उतरतं तो खांदा. आजचा विषय पत्रिकेवर 'नेकचा आकार, दिसायला आणि हाताला' असा छापलाय, तर दिसण्याचं मी शेवटी घेणारे, पण आधी हाताचं, कारण गेली कित्येक वर्षं मला हे कुणालातरी नीट सांगायचंय की आपण जाडी मोजत बसतो आणि हात खांदे वाचत असतो.

आता तुम्ही म्हणाल त्यासाठी तर अक्षरं आहेत की, सी, डी, यू, व्ही. आहेत. नेक आडवा कापला तर पाठीचा आकार त्या अक्षरासारखा दिसतो, इतकं सोपं ते मुळात आहे. सी म्हणजे गोलसर, डी म्हणजे पाठ चपटी आणि खांदे भरलेले, यू म्हणजे खांदे आणखी उभे आणि पोट खोल, व्ही म्हणजे मधे कणा आणि खांदे उतरते. पण सी किती गोल? तुमचा सी आणि माझा सी वेगळा, एका कंपनीचा 'मॉडर्न सी' दुसऱ्या कंपनीच्या डीच्या जवळ जातो. त्यात आणखी एक घोळ आहे, तो फेंडर कंपनीच्या जुन्या गिटार शोधणाऱ्यांना माहीत असेल. साठच्या दशकात फेंडर नेकच्या हीलवर ए, बी, सी, डी असा शिक्का मारायची, आणि ती अक्षरं पाठीच्या आकाराची नव्हती, नटपाशी, म्हणजे नेकच्या डोक्याकडच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात तिथे, रुंदी किती त्याची होती, बी म्हणजे एक पूर्णांक पाच अष्टमांश इंच, सी म्हणजे पावणेदोन इंच. त्यामुळे 'माझ्याकडे बी नेक आहे' असं कुणी म्हणालं की समजायचं तो रुंदी सांगतोय. लोक आजही यावर तास तास वाद घालतात आणि दोघं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात.

म्हणून अक्षरं बाजूला ठेवा आणि कागदाची पट्टी घ्या. साधी पट्टी, बोटभर रुंद. पहिल्या फ्रेटपाशी नेकच्या पाठीवरून ती गुंडाळायची, फ्रेटबोर्डच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, आणि लांबी मोजायची. समजा नेक ४३ मिलिमीटर रुंद आहे आणि २१ जाड. सोपं गणित व्हावं म्हणून फ्रेटबोर्ड धरूनच सगळा आकार एक समजा. आता याच मापात तुम्ही सरळ उतरत्या बाजूंचा व्ही काढला तर पट्टी भरते ६० मिलिमीटर. अर्धगोल काढला तर ६७ च्या आसपास. भरल्या खांद्यांचा यू काढला तर सत्तरीच्या पार. रुंदी तीच, जाडी तीच, कॅलिपरला तिन्ही नेक एकसारखे, आणि हाताला सात-दहा मिलिमीटर जास्तीचं लाकूड कवेत घ्यावं लागतंय. एवढा फरक झोपेतसुद्धा कळेल.

हे मला कुणी शिकवलं नाही, एका नेकचं वाटोळं झालं तेव्हा कळलं, आणि ती गोष्ट आज सांगतोच, थोडी लांब आहे.

माझी पहिली चांगली गिटार, म्हणजे पैसे साठवून घेतलेली, पाचेक वर्षं झाली होती तिला. मेपलचा नेक, बोल्ट-ऑन म्हणजे बॉडीला स्क्रूंनी जोडलेला, रोजवुडचा फ्रेटबोर्ड, पहिल्या फ्रेटला २१. वाजायची सुरेख पण अर्धा तास बॅर कॉर्ड धरले की पहिल्या बोटाच्या मुळाशी आणि अंगठ्याच्या बुडाशी दुखायचं. त्याच सुमारास एका मित्राकडची जुनी गिटार महिनाभर माझ्याकडे होती, तिचा नेक तब्बल २३, हातात घेतला की वाटायचं केवढा हा सोटा, आणि तिच्यावर मी तीन-तीन तास वाजवायचो, काही दुखायचं नाही. मला त्याचा अर्थच लागेना. जाड नेक आरामात आणि पातळ नेक दुखतोय, हे कसं? पण डोक्यात सगळीकडून ऐकलेलं पक्कं बसलेलं होतं की पातळ म्हणजे सोपं, पातळ म्हणजे फास्ट. तर मी ती माझी गिटार घेऊन एका वर्कशॉपमधे गेलो. नाव घेत नाही. सांगितलं की नेक हाताला त्रास देतोय, आरामदायक करून द्या. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. कुठे दुखतं, अंगठा कुठे ठेवतोस, वाजवून दाखव, काही नाही. कॅलिपर लावला, २१ लिहिलं, '१९ करून देतो, मख्खन होईल' म्हणाले.

दहा दिवसांनी नेक परत आला तो १९ होता, अगदी बरोब्बर १९. त्यांनी कणा खाली घेतला होता, आणि खांद्यांना हातच लावला नव्हता. म्हणजे काय झालं बघा, मधलं पोट गेलं आणि बाजू होत्या तशाच राहिल्या, तो जो साधारण गोल नेक होता त्याचा चपटा डी झाला, दोन्हीकडे कोपरे असल्यासारखा. अंगठा मधे टेकायला गेला की आधाराला काही नाही आणि बोटाच्या मुळाला तो खांदा आधीपेक्षा जास्त टोचतोय. पहिल्याच संध्याकाळी वीस मिनिटांत गिटार खाली ठेवली. आणि ते कमी म्हणून की काय, हवा बदलली तसा नेक हलायला लागला. आधी वर्षातून एकदा ट्रस रॉडला, म्हणजे नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या धातूच्या सळीला, पाव फेरा द्यायचो, आता दर महिन्याला पाना हातात.

त्याचं कारण साधं आहे आणि ते सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं आहे. लाकडाचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. २१ चं १९ केलं की मनात येतं दहा टक्केच तर गेलं, पण १९ भागिले २१ चा घन करा, पाऊण भरतो. म्हणजे लाकडाचा पाव ताठपणा कमी झाला. आणि त्यावर ०.०१० च्या, म्हणजे सगळ्यात बारीक तार ०.०१० इंचाची असलेल्या, सेटचा ताण मात्र तेवढाच, सहा तारांचा मिळून पंचेचाळीस किलोच्या आसपास, दिवसरात्र. पातळ नेक बनवता येत नाहीत असं नाही हं, आयबानेझ कंपनीचा विझार्ड नावाचा पातळ नेक १९८७ पासून लोक वाजवतायत, पण त्यासाठी नंतर त्यांनाही महाग मॉडेलांत मेपल आणि वॉलनटच्या पाच पट्ट्या चिकटवायला लागल्या, टायटॅनियमच्या सळ्या घालायला लागल्या. एका तुकड्याच्या मेपलच्या नेकमधून कणा तासून काढायचा आणि काही होणार नाही म्हणायचं, हा अन्याय आहे त्या लाकडावर. मला आजही त्याचा राग येतो.

मग एकांनी मला एका जुन्या कारागिराकडे पाठवलं, सगळे त्यांना काका म्हणायचे, मीही काकाच म्हणतो. काकांनी गिटार हातात घेतली आणि माझ्याकडे दिली. म्हणाले, "वाजव." मी वाजवायला लागलो तर ते फ्रेटबोर्डकडे बघतच नव्हते, बाजूला येऊन माझ्या हाताखालून वाकून बघत होते. पाच मिनिटांनी म्हणाले, "तुझा अंगठा वरून येतोय. तू तळव्यानं नेक धरतोस. पोट कशाला काढलंस याचं, तेच तर तुझ्या हातात बसत होतं." मी म्हटलं मी नाही काढलं. ते म्हणाले, "बरं, गेलं ते गेलं. पण खांदे आहेत अजून, ते घेऊ."

त्यांनी तारा काढल्या, नेक बॉडीपासून सोडवला, पाठीवरचं फिनिश उतरवलं, आणि मऊ पेन्सिलीने पूर्ण खांद्यावर तिरप्या रेघा मारल्या, झेब्र्यासारख्या. मग स्क्रेपर. स्क्रेपर म्हणजे पत्त्याएवढा पोलादी पत्रा, त्याची धार आतून वळवलेली असते, तो दोन अंगठ्यांनी किंचित वाकवून ओढायचा. कानस नाही, रंधा नाही. एकेक ओढ आणि त्यातून येणारी मेपलची साल इतकी पातळ की खिडकीसमोर धरली तर पलीकडचं दिसावं. रेघा पुसल्या गेल्या की थांबायचं, नेक माझ्या हातात द्यायचा, "धर." परत रेघा, परत स्क्रेपर. तार नसलेला, बॉडी नसलेला नुसता नेक मी खुर्चीत बसून धरत होतो आणि प्रत्येक वेळी हात थोडा जास्त बंद होत होता. बारीक तारांच्या बाजूचा खांदा त्यांनी जास्त उतरवला कारण माझ्या बोटाचं मूळ तिथे टेकतं, जाड तारांच्या बाजूचा जवळजवळ तसाच ठेवला. शेवटी मोजलं तर सगळ्यात जास्त जिथे काढलं तिथेही एक मिलिमीटरच्या आत. पहिल्या फ्रेटची जाडी? तीच, १९. कण्याला त्यांनी स्पर्शही केला नाही. आणि दुखणं थांबलं. ट्रस रॉडचा त्रास आहे अजून, तो राहणारच, पण ती गिटार मी आजही वाजवतो.

मित्राच्या २३ च्या सोट्याचं कोडंही तेव्हा सुटलं. तो व्ही होता. सॉफ्ट व्ही. खांदे उतरते, कणा अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधल्या खळग्यात जाऊन बसायचा. वरून अंगठा टाकून वाजवणाऱ्याला, हेंड्रिक्सचे फोटो आठवा, त्याला व्हीसारखं सुख नाही. एरिक क्लॅप्टनच्या ब्लॅकी नावाच्या गिटारचा नेक तसाच, पन्नासच्या दशकातल्या फेंडर स्ट्रॅटचा व्ही, आणि १९८८ मधे फेंडरने त्याच्या नावाची गिटार काढली तेव्हा तिलाही व्ही दिला. उलट ज्यांचा अंगठा पाठीच्या मध्यावर उभा राहतो, क्लासिकल शिकून आलेले किंवा लांब ताणाचे सूर वाजवणारे, त्यांना तो कणा टोचतो, त्यांना चपटी पाठ हवी. दोघंही बरोबर आहेत. म्हणून 'बेस्ट नेक कुठला' हा प्रश्न मला कुणी विचारला की मी आधी त्याचा अंगठा बघतो.

एक आणखी, मधेच आठवलं म्हणून. हे वर्षांचे आकडे असतात ना, '५८ चा नेक, '६० चा नेक. ढोबळमानाने बरोबर आहेत, गिब्सन लेस पॉलचा १९५८ चा नेक भरलेला आणि १९६० चा सडपातळ. पण तेव्हा शेवटचा आकार माणूस हाताने देत होता, फिरत्या सँडिंग बेल्टवर नेक टेकवून. फेंडरमधे टाडिओ गोमेझ नावाचा कारागीर होता, नेकच्या बुडाशी पेन्सिलीने टी जी आणि तारीख लिहायचा, आज ती दोन अक्षरं दिसली की लोक हरखून जातात. सकाळी केलेला नेक आणि संध्याकाळी केलेला नेक एक कसा असेल? आज मशीनने कोरलेला '५८' म्हणजे त्या वर्षातल्या कुठल्यातरी एका नेकची आठवण, एवढंच समजा.

आणि आकार हौसेने येतो असंही नाही. ट्रस रॉडचं पेटंट गिब्सनच्या थॅडियस मॅकह्यूच्या नावावर १९२३ चं. त्याआधी तारांचा ताण पेलायला मुख्यतः लाकूडच, म्हणून नेक जाडच हवा. लिओ फेंडरला १९५० मधे वाटत होतं की मेपल इतकं कडक आहे की रॉडची गरज नाही, सुरुवातीच्या एस्क्वायर गिटार तशाच निघाल्या, मग लवकरच रॉड आला. आणि नेक एकाच तुकड्याचा, वर वेगळा फ्रेटबोर्ड नाही, मग रॉड घालायचा कुठून? पाठीतून. ती खाच बुजवायला वॉलनटची गडद पट्टी. ती पट्टी आज आपल्याला सुंदर दिसते ना? ती डागडुजी आहे.

हाताची एक बाजू राहिली, समोरची, फ्रेटबोर्डची. फ्रेटबोर्ड सपाट नसतो, मधे फुगीर असतो, त्याची त्रिज्या जुन्या फेंडरला सव्वासात इंच, आताच्या बऱ्याच फेंडरला साडेनऊ, गिब्सनला १२, पीआरएसला १०. नुसते आकडे ऐकून काही कळत नाही, म्हणून मी एकदा हिशोब केला. नटपाशी मधल्या रेषेपेक्षा सगळ्यात बाहेरची तार किती खाली उतरते? सव्वासातला जवळजवळ ०.८ मिलिमीटर, बाराला अर्धा. कॉर्ड धरताना बोट नैसर्गिक वाकडं असतं म्हणून गोल बोर्ड गोड लागतो, पण वरच्या फ्रेट्सवर तार बेंड करत, म्हणजे सूर चढवायला बाजूला ढकलत, मधल्या फुगवट्यावर नेली की ती पुढच्या फ्रेटला टेकते आणि सूर मरतो. म्हणून कंपाउंड रेडियस, नटपाशी गोल आणि पुढे सपाट होत जाणारा. आणि कडा! फ्रेटबोर्डच्या कडा किंचित गोल केल्या की नवा नेकही वर्षानुवर्षं वाजवल्यासारखा लागतो. याला खांद्याच्या कामाइतकं महत्त्व आहे, यावर मी तासभर बोलू शकतो पण...

किती? सात मिनिटं? अरे बापरे. दिसण्याचं तर सुरूच नाही केलं. बरं, पटपट.

दिसणं. माझं म्हणणं असं की गिटारचं दिसणं आपण बॉडीत शोधतो, रंग, ज्वाळांसारखं लाकूड, पिकगार्ड, पण डोळ्याला जे 'ही गिटार नीट आहे' असं वाटतं ते बरंचसं नेक जिथे जिथे संपतो तिथे ठरतं. नेक दोन ठिकाणी संपतो. एक, हेडस्टॉकपाशी. फेंडरचं डोकं सरळ, नेकच्या प्रतलातच, फक्त थोडं खाली उतरलेलं, म्हणून तिथे पाठीचा उतार लांब आणि आळसावलेला असतो, प्रकाश त्यावरून घसरत जातो. गिब्सनचं डोकं मागे झुकलेलं, जुनं १७ अंश, साठच्या दशकाच्या मध्यात १४ केलं. झुकलेल्या डोक्यात लाकडाचे तंतू आडवे कापले जातात, त्यात ट्रस रॉडच्या नटची खाच, म्हणजे सगळ्यात नाजूक जागी सगळ्यात कमी लाकूड, आणि गिटार पडली की नेक तिथेच मोडतो. सत्तरच्या दशकात त्यांनी नटच्या मागे एक उंचवटा ठेवला, व्होल्यूट, मजबुतीसाठी. लोकांनी नावं ठेवली, कुरूप म्हणाले, मग तो गेला. मला तो आवडतो, मनापासून आवडतो. नीट कोरलेला व्होल्यूट म्हणजे हाताला पहिला फ्रेट आल्याची खूण आणि डोळ्याला एक वळण जे का आहे ते समजतं.

दोन, हीलपाशी. चार स्क्रूंचा चौकोनी ठोकळा आणि पत्र्याची प्लेट, की चिकटवलेला आणि गोल उतरवलेला जोड, की नेक बॉडीतून आरपार गेलेला जसा रिकनबॅकरने १९५७ मधे बेसवर केला. वरच्या फ्रेट्सना हात जातो की नाही हा हाताचा प्रश्न, पण मागून गिटार बघितली तर तिथेच कळतं की कारागिराने वेळ दिलाय की नाही.

आणि मधला सगळा भाग. इथे खांदे परत येतात! गिटार खिडकीजवळ आडवी धरा, पाठ तुमच्याकडे, आणि हळू फिरवा. व्हीच्या कण्यावर उजेडाची एकच बारीक रेघ पळते, धारदार. सीवर ती रुंद आणि मऊ होते. डीवर मधे पूर्ण पट्टा चमकतो आणि खांद्यांवर एकदम अंधार. माझ्या त्या बिघडलेल्या नेकवर ती रेघ सातव्या फ्रेटपाशी वाकडी व्हायची, मला ते आधी दिसलंही नव्हतं, काकांनी दाखवलं, "बघ, इथे त्याचा हात घाईत होता." आरशासारखं जाड फिनिश असेल तर हे सगळं जास्तच दिसतं, आणि घामेजला हात त्यावर अडतो. तेल-मेणाचा नेक उजेड पिऊन टाकतो, रेघ दिसत नाही पण हात सरकतो. स्ट्रँडबर्गच्या नेकला तर गोलाईच नाही, सपाट पैलू आहेत, आणि ते नेकभर तिरके सरकत जातात, कारण हात वर जाताना मनगट फिरतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला विचित्र वाटतं, वाजवून झाल्यावर तोच माणूस परत बघतो तेव्हा नाही वाटत. मला आजचं सगळं व्याख्यान खरं तर या एका गोष्टीवर द्यायचं होतं, की हाताला पटलं की डोळा मागून येतो, आणि ते राहिलंच बघा, पुढच्या वेळी.

हो हो, थांबतो. समोरच्या टेबलावर चार नेक ठेवलेत, चारही पहिल्या फ्रेटला २१ आहेत, मी स्वतः मोजलेत. शेजारी कागदाच्या पट्ट्या, पेन्सिल आणि मोजपट्टी आहे. आधी डोळे मिटून धरा, कुठला जाड कुठला पातळ ते शेजारच्याला सांगा, मग पट्टी लावा. आणि काकांनी केलेला नेक माझ्या बॅगेत आहे, तो हवा असेल त्यांनी मला विचारा, पण पाना मी आणलेला नाही, ट्रस रॉडला हात लावायचा नाही.